औषध घेतलं की लागलं?

ऑगस्ट-सप्टेंबरच्या दिवसांत यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात एखादा माणूस ऑटोतून आडवा आणला जातो. तोंडाला फेस, अंग घामानं चिंब, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर नाडी धरता धरता सोबतच्या बाईला विचारतो, "मावशी, औषध घेतलं की लागलं?" ती सांगते, "नाई जी, पेले नाई. फवारता फवारता लागलं."

हा संवाद कळायला वऱ्हाडात राहावं लागतं. कृषी केंद्रातून उधारीवर आणतात ते औषध. पंपात ओततात ते औषध. कापसाच्या पऱ्हाटीवर मारतात तेही औषध. आणि नापिकीनं, कर्जानं खचलेला माणूस रात्री उठून जे पितो त्यालाही गाव औषधच म्हणतं. 'विष' हा शब्द वर्तमानपत्रांत आणि पंचनाम्यात येतो, बोलण्यात क्वचितच. म्हणून डॉक्टरला क्रियापद विचारावं लागतं. 'घेतलं' म्हणजे स्वतःहून प्यायलेलं, 'लागलं' म्हणजे फवारताना बाधलेलं.

उपचार दोन्हींचे जवळपास सारखेच. कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, अ‍ॅट्रोपिन द्या, श्वास चालू ठेवा. फरक पडतो तो पुढच्या कागदांत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा अपघात म्हणून बसत होती आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळत होते. आत्महत्या बसत नव्हती. शिवाय २०१७ साली ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्यापुरतीच होती. दुसऱ्याच्या शेतात पंपामागे मजुरी घेऊन फवारणारा माणूस अपघातानंच मेला, तरी या हिशेबात त्याला जागा नव्हती. अंगात शिरलेला रेणू मात्र हेतूही विचारत नाही आणि सातबाराही.

इथून एक जुना प्रश्न नव्यानं उभा राहतो. कर्म कोणाचं, हे हेतूवरून ठरवायची आपली रीत आहे. पण जिथे मारण्याचा हेतू कोणाचाच नव्हता आणि तरी माणसं मेली, तिथे कर्ता शोधायचा कुठे?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यानं हा प्रश्न भोगला. त्या वर्षी पोळा २१ ऑगस्टला आला. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लागली, झडत्या झाल्या, दुसऱ्या दिवशी रोगराईला गावाबाहेर हाकलणारी मारबतही निघून गेली. त्याच सुमारास दवाखान्याचे वॉर्ड भरू लागले होते. जुलै ते नोव्हेंबर या काळात जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं दगावले, ८०० च्या आसपास माणसांवर उपचार करावे लागले. काहींची दृष्टी काही काळ गेली. ऑक्टोबरात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं राज्य सरकारला नोटीस काढली. सरकारनं अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. नोव्हेंबरात पाच कीटकनाशकांवर अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी आली. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीनचं मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण, अ‍ॅसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस ही ती पाच नावं. तोवर शेतांत कापसाची वेचणी सुरू झाली होती.

त्या महिन्यांत एक शब्द फार चालला, 'निष्काळजीपणा'. हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, औषधं एकात एक मिसळली, वाऱ्याच्या दिशेचं भान ठेवलं नाही, फवारताना तंबाखू चोळली. यातलं बरंचसं खरंच होतं. पण खऱ्या गोष्टींची यादी करून खोटं चित्र उभं करता येतं. ते पाहण्याआधी विष शरीरात नेमकं करतं काय, हे समजून घ्यायला हवं. हा तत्त्वचिंतनाचा विषय मज्जातंतूंच्या गाठीभेटींशी येऊन अडतो.

बोट हलवायचं ठरलं की मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. ते पलीकडच्या स्नायूला 'हल' म्हणून सांगतं. सांगून झालं की एक विकर त्याचे लगेच तुकडे करतं, म्हणजे निरोप संपतो आणि दुसऱ्याला वाट मोकळी होते. या विकराचा एक रेणू सेकंदाला हजारो निरोप निकालात काढतो. हेच रसायन मेंदूत लक्ष आणि स्मृती यांच्या कामात गुंतलेलं आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं, उदाहरणार्थ प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, त्या विकराला जाऊन चिकटतात. मग निरोप संपतच नाही. स्नायू आधी फडफडतात, नंतर थकून लुळे पडतात. लाळ, घाम, अश्रू, फुप्फुसातलं पाणी, सगळ्यांना एकदमच पाझर फुटतो. डोकं भ्रमिष्ट होतं, आकडी येते, शेवटी श्वास थांबतो.

अळीतही हेच घडतं. तिच्यातही तेच रसायन आहे आणि जवळपास तसंच विकर. कीटक आणि सस्तन प्राणी यांचे पूर्वज पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, पण मज्जातंतूंची ही बोली दोघांनी टाकली नाही. सर्वांभूती एकच तत्त्व वसतं, हे वारकऱ्यांच्या कीर्तनात ऐकलेलं वाक्य रसायनशास्त्राच्या भाषेत इतक्या निर्दयपणे खरं ठरेल असं कोणाला वाटलं नसेल. अळीला मारणारं औषध माणसाला मारतं ते त्याचा नेम चुकला म्हणून नव्हे. त्याचा नेम दोघांत सारखाच असलेल्या जागेवर असतो. बैल, कुत्रं, फवारलेल्या धुऱ्यावरचं गवत खाणारी शेळी, सगळी त्याच बोलीची. नंतर आलेली काही औषधं किडीच्या मज्जातंतूंवर अधिक आणि सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवर कमी बसतील अशी घडवली गेली. पण 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे.

हे नातं युरोपात फार आधी कळलं होतं. १९२१ साली ओट्टो लोएवी या शास्त्रज्ञाला बेडकाच्या हृदयावर करायचा प्रयोग म्हणे स्वप्नात सुचला आणि मज्जातंतू रसायनातून बोलतात हे सिद्ध झालं. त्याला १९३६ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनज्ञ नवं कीटकनाशक शोधत होता. त्याच्या हाती लागलं टाबून. ते इतकं जहाल होतं की खुद्द श्राडरच्या बाहुल्या आकसल्या, श्वास कोंडला, आणि ते कीटकनाशक म्हणून निरुपयोगी ठरलं. जर्मन सैन्याला मात्र ते उपयोगी वाटलं. युद्धवायू आणि पिकावरचं औषध एकाच कुळात जन्मले, एकाच माणसाच्या टेबलावर. पॅराथिऑनही श्राडरचंच. १९५८ साली केरळात धान्याला लागलेल्या पॅराथिऑननं शंभरावर माणसं गेली. त्यानंतर चौकशी बसली आणि त्यातून देशाला १९६८ चा कीटकनाशक कायदा मिळाला. म्हणजे यवतमाळला लागू असलेल्या कायद्याची सुरुवातही 'लागलं' पासूनच झाली होती.

आता निष्काळजीपणाकडे.

भारतीय विचारपरंपरेत हेतू आणि कृती यांचा वाद फार जुना आहे. मज्झिमनिकायातल्या उपालि सुत्तात नालंद्याजवळ बुद्ध आणि एक निर्ग्रंथ, म्हणजे जैन, तपस्वी यांच्यात हाच मुद्दा निघतो. तपस्व्याच्या मते शरीरानं घडलेलं कर्म सर्वांत जड. बुद्ध म्हणतो, मनानं घडलेलं. वाद पुढे चालवायला आलेला धनिक उपालि शेवटी बुद्धाकडे वळतो. बौद्धांसाठी कर्म म्हणजे चेतना, हेतू. जैनांनीही हेतू सोडला नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिच्या मुळाशी प्रमाद आहे, असावधपण. पाय टाकताना जपलं नाही तर मेलेल्या मुंगीचं पाप लागतं. जपूनही मेली तर हिशेब वेगळा. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'तही कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला वरचं स्थान आहे.

या तराजूत यवतमाळ घातलं की तराजूच डगमगतो. हेतू पाहिला तर सगळेच सुटतात. कंपनीला माणूस मारायचा नव्हता, दुकानदाराला नव्हता, शेतमालकाला तर मुळीच नव्हता. उरला प्रमाद. तो कोणाचा याचं उत्तर सोपं वाटलं, कारण ज्याच्या तोंडावर मास्क नव्हता तो समोर खाटेवर पडलेला होता. जो दिसतो तोच कर्ता ठरतो. बाकीच्यांचा प्रमाद ऑफिसांत, प्रयोगशाळांत, फायलींत होता आणि तिथे कोणाला फेस येत नाही.

मिलिंदपञ्हात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो की जाणून पाप करणाऱ्याचा दोष मोठा की न जाणता करणाऱ्याचा. नागसेन म्हणतो, न जाणता करणाऱ्याचा. लाल तापलेला लोखंडी गोळा माहीत नसलेल्यानं उचलला तर तो जास्त भाजतो. न्यायाधीशाच्या कानाला हे उत्तर अन्यायाचं वाटेल. डॉक्टरला ते सरळ वैद्यकीय निरीक्षण वाटेल. फवारणाऱ्या हाताला नेमकं हेच होतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र वेगळं हत्यार आहे आणि आश्चर्य म्हणजे या प्रकरणात ते फारसं कोणी उपसलं नाही. तिथे कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. एकट्या कर्त्याकडे बोट दाखवणाऱ्याची दृष्टी तिथे अपुरी मानली आहे. ही पाच नावं घेऊन आर्णी किंवा घाटंजी तालुक्यातल्या एखाद्या शेतात उतरलं तर चित्र बदलतं.

अधिष्ठान म्हणजे आसरा, जागा. टीकाकार त्याचा अर्थ बहुधा शरीर असा करतात. तोच घेऊ. सप्टेंबरचं ऊन, दमट हवा, अंगात बनियन, पायात काही नाही, पाठीवर पंधरा-वीस लिटरची टाकी. घामानं ओली कातडी विष चटकन ओढून घेते, काखेत आणि जांघेत सर्वांत लवकर. टाकी पाझरते, पाठ भिजते, आणि भिजलेलं बनियन संध्याकाळपर्यंत अंगावर राहतं. नाका-तोंडातून जातं त्याहून अधिक विष अशा वेळी कातडीतून जातं. तोंडावरच्या मास्कवर सगळी चर्चा एकवटली तेव्हा पाठ कोणी पाहिली नाही.

कर्ता बहुतेकदा मजूर. स्वतःची दोन एकर कोरडवाहू असेल किंवा तीही नसेल. मजुरी पंपामागे मिळते, म्हणजे जितके पंप मारले तितके पैसे. सावकाश फवारणं हा त्याच्या हिशेबात तोटा आहे. सकाळचा वारा पडेपर्यंत थांबा हा सल्ला बरोबर आहे, पण थांबल्याची मजुरी कोणी देत नाही.

करण म्हणजे साधन, आणि त्या वर्षी ते बदललं होतं. हातानं दांडा मारायच्या जुन्या पंपाला माणसाच्या दंडाची मर्यादा असायची. हात भरून आला की माणूस बांधावर बसायचा. बॅटरीचा पंप थकत नाही. तो बारीक तुषार उडवतो, ते पानांवर बसण्याआधी हवेत तरंगतात आणि माणूस त्याच धुक्यातून पुढे चालतो. साधनं कर्त्याची शक्ती वाढवतात हे सगळे सांगतात. ती त्याची विश्रांतीही काढून घेतात हे कमी जण सांगतात.

चेष्टा म्हणजे नाना प्रकारच्या हालचाली, आणि हे कारण सर्वांत लांबवर पसरलेलं आहे. दातांनी बाटलीचं सील उघडणं, काठीऐवजी हातानं ढवळणं, तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकून साफ करणं, या शेतातल्या चेष्टा. पण उधारीवर माल देणारा दुकानदार जे देईल ते घ्यावं लागणं, त्यानंच दोन औषधं आणि वर एक 'टॉनिक' मिसळायला सांगणं, या दुकानातल्या. मिसळू नये असा उपदेश करताना एक गोष्ट सोयीनं विसरली गेली. बंदी आलेल्या पाचांपैकी दोन कारखान्यातूनच मिसळून येत होती. प्रोफेनोफॉसला सायपरमेथ्रीनची जोड दिली की पहिलं औषध दुसऱ्याचा निचरा करणारी विकरंच बंद पाडतं, म्हणून मिश्रणाचा जोर वाढतो. अळीच्या अंगात हा गुण. माणसाच्याही अंगात ही विकरं आहेत.

राहिलं दैव. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर वाढली, दाट झाली, फवारणाऱ्याला खाली नव्हे तर तोंडाच्या पातळीवर किंवा वर फवारावं लागलं. रसशोषक किडी वाढल्या, गुलाबी बोंडअळी परत आली. लोक म्हणाले, नशीब. पण बोंडअळीचं परतणं नशिबात लिहिलेलं नव्हतं. बीटी कापूस देशात २००२ ला आला, दोन जनुकांचं वाण २००६ ला. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या वाणाला बोंडअळी जुमानत नसल्याचं जाहीर झालं. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी सरकीची पुडी मिळायची, अळी बीटीला सरावू नये म्हणून ती कडेनं लावायची असे. ती बहुतेकांनी लावली नाही आणि लावलीच पाहिजे हे पाहणारंही कोणी नव्हतं. कालची सामुदायिक चेष्टा आजचं दैव होऊन येते. गीतेच्या भाष्यकारांनी दैवाचे बरेच अर्थ लावले आहेत, त्यात हा एक जोडायला हरकत नसावी.

पाच कारणांच्या या हिशेबानं कोणी निर्दोष सुटत नाही, मजूरही नाही. पण दोष त्याच्या एकट्याच्या पाठीवर टाकीसारखा बांधता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. हेतू, प्रमाद, बुद्धी, या सगळ्यांची जागा मेंदूत आहे आणि हे विष नेमकं तिथे जातं. फवारणीच्या चौथ्या तासाला, डोकं जड झालेलं, नजर धूसर झालेली असताना माणसाकडून सावधपणाची अपेक्षा करायची, म्हणजे जे इंद्रिय बाधित झालं आहे त्यालाच पहारेकरी नेमायचं. 'मळमळलं तेव्हाच थांबायला हवं होतं' असं म्हणणारे हे विसरतात की थांबायचं ठरवणारं यंत्र आणि मळमळणारं शरीर वेगवेगळे नाहीत.

मन हे शरीराहून निराळं, निर्मळ काहीतरी आहे अशी समजूत आपल्याकडे पसरलेली असली तरी आपल्या दर्शनांची ती शिकवण नाही. सांख्यांनी मन, बुद्धी आणि अहंकार यांना प्रकृतीत, जडात घातलं. पुरुष तेवढा वेगळा. छांदोग्य उपनिषदात तर उद्दालकानं प्रयोगच करून दाखवला आहे. मुलाला, श्वेतकेतूला, तो सांगतो की पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवं तितकं पी. सोळाव्या दिवशी वेद म्हणायला लावतो तर पोराला एक ऋचा आठवत नाही. मग जेवून ये म्हणतो. जेवल्यावर सगळं आठवतं. मन अन्नाचं बनलेलं आहे, एवढंच उद्दालकाला दाखवायचं होतं. जे मन अन्नानं घडतं ते विषानं बिघडतं, हे त्यातून आपसूक येतं. त्यासाठी उपनिषदाला आणखी एक खंड लिहायची गरज नव्हती.

बिघडतं म्हणजे काय, हे जगात काही ठिकाणी मोजलं गेलं आहे. इंग्लंडात मेंढ्यांना ऑर्गॅनोफॉस्फेटच्या हौदात बुचकळायची सक्ती १९९२ पर्यंत होती. हे काम वर्षानुवर्षे केलेल्या शेतकऱ्यांची तपासणी १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. लक्ष टिकवणं आणि माहिती चटकन समजून घेणं यांत हे लोक इतरांच्या मागे पडले होते. मेक्सिकोत एलिझाबेथ गिलेट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ मध्ये याकी खोऱ्यातली आणि तिथल्या डोंगरपायथ्याची चार-पाच वर्षांची मुलं पाहिली. खोऱ्यात फवारणी भरपूर, पायथ्याला जवळपास नाही. वंश, जेवण, घरं सारखी. मुलांना माणूस काढायला सांगितला. पायथ्याच्या मुलांनी डोकं, हात, पाय असलेला माणूस काढला. खोऱ्यातल्या बऱ्याच मुलांच्या कागदावर नुसत्या रेघांचा गुंता होता.

यवतमाळात असा अभ्यास २०१७ च्या बाधितांवर वर्षानुवर्षे व्हायला हवा. विस्मरण, चिडचिड, झोप उडणं, मन उदास होणं, या तक्रारी फवारणाऱ्यांच्या घरांत 'स्वभाव बदलला' या दोन शब्दांत संपतात. ऑर्गॅनोफॉस्फेटशी दीर्घकाळचा संबंध आणि नैराश्य यांचं नातं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कोणतं कारण आणि कोणतं कार्य हे उकलणं अवघड, कारण नैराश्याला विदर्भात इतर कारणांची कमी नाही. पण हे नातं खरं असेल तर 'घेतलं' आणि 'लागलं' यांतली भिंत फारच पातळ होते. आयुष्यभर थोडं थोडं लागत गेलेलं औषधच एके रात्री बाटलीला हात घालायला लावत नसेल कशावरून? अशा मृत्यूत हेतू कोणाचा म्हणायचा?

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाला हा प्रश्न पडत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असे चार रंग आहेत. वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम पोटात गेल्यावर निम्मे उंदीर मरतात त्यावरून रंग ठरतो. ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. निम्मे मरण्याचं हे माप १९२७ साली ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञानं औषधांची ताकद जोखायला काढलं. गणपतीचं वाहन सगळ्या मानवजातीच्या वतीनं प्रयोगशाळेत मरतं आणि त्याच्या मरणाचा रंग बाटलीवर उमटतो. त्या रंगात फक्त मरण मोजलेलं असतं. जो उंदीर मेला नाही पण चक्रव्यूहातली वाट विसरला, तो कुठल्याच त्रिकोणात नाही. कातडीवाटे गेलेल्याचं वेगळं माप नियमांत आहे, पण तेही मरणाचंच. अपायाची व्याख्याच 'मरण' अशी केली की बाकीचं सगळं निरुपद्रवी ठरतं.

धर्मशास्त्रांनी इथे अधिक बारीक पाहिलं होतं असं म्हणावं लागतं. जैन श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा धंद्यांत विषाचा व्यापार आहे. बुद्धानं उपासकांसाठी जे पाच व्यापार नको म्हटले त्यांत शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य यांच्या सोबत विष आहेच. शेतकऱ्यानं पीक वाचवताना केलेली हिंसा जैनांच्या हिशेबात उद्योगी हिंसा, अपरिहार्य, गृहस्थाला क्षम्य. विकणाऱ्याला मात्र ती सवलत नाही. दोषाचं वजन वापरणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे सरकवणारी ही योजना आधुनिक कायद्याहून पुढची आहे, कारण आधुनिक कायदा लेबल छापलं की विकणाऱ्याला मोकळं करतो आणि लेबल वाचलं नाही म्हणून वापरणाऱ्याला धरतो.

यवतमाळच्या लोकांनी तो धागा उलटा पकडून पाहिला. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधित कुटुंबांच्या वतीनं स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा या कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. पुढच्या वर्षी एक बाधित शेतकरी आणि दोन विधवांनी बाझेलमध्ये दिवाणी दावा लावला. वाद होता 'पोलो' या औषधाचा, ज्यात डायफेन्थियुरॉन असतं. ते ऑर्गॅनोफॉस्फेट नव्हे. त्याचा मारा पेशींच्या ऊर्जानिर्मितीवर. आपल्या औषधाचा या बाधांशी संबंध कंपनीनं नाकारला. ते न्यायालयाच्या अखत्यारीतलं. पण एक गोष्ट वादाच्या बाहेरची आहे. हे औषध स्वित्झर्लंडच्या बाजारात २००९ पासून चालत नव्हतं आणि तरी तिथून बाहेर जाऊ शकत होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये स्विस सरकारनं डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉससह पाच रसायनांची निर्यात पुढच्या जानेवारीपासून थांबवायचं ठरवलं. आपल्या मातीत नको पण दुसऱ्याच्या चालेल, याला जैनांकडेही शब्द नसावा. त्यांच्या मुंग्यांना देश नव्हते.

हलाहल प्यायलेल्या नीलकंठाची उपमा अशा वेळी हमखास सुचते. ती टाळलेली बरी. शंकरानं समोर काय आहे ते जाणून ओंजळ तोंडाला लावली होती आणि देवांनी त्याला तशी विनंती केली होती. शंकराचा संबंध इथे दुसऱ्याच वाटेनं लागतो. वॉर्डात जे अ‍ॅट्रोपिन चढवतात ते ज्या वनस्पतीकुळातून आलं त्याच कुळातला धोतरा महादेवाच्या पिंडीवर वाहतात, आणि त्याच्या बियांतही तेच द्रव्य असतं. विषाला उतारा म्हणून दुसरं विष. मात्रा वाढली की रुग्ण बरळतो, हवेतलं काहीतरी पकडू पाहतो, सलाइन उपटतो आणि त्याचे हात खाटेला बांधावे लागतात. कधी औषध विष होतं आणि कधी विष औषध, हे चरकानं वापराच्या संदर्भात सांगून ठेवलंच आहे. गावानं दोहोंना एक शब्द ठेवला त्यात वाटतं तितकं अज्ञान नाही.

औषधाशिवाय भागतच नाही का, हा प्रश्नही यवतमाळातच विचारला गेला आणि त्याला उत्तर देणारा माणूसही तिथलाच. रासायनिक शेती सोडून नैसर्गिक शेतीकडे वळलेले सुभाष शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पण पद्मश्री एका शेताला मिळते. जिल्ह्यातली लाखो हेक्टर पऱ्हाटी पुढच्या जुलैतही उधारीवर उभी राहते आणि उधारी देणारा दुकानदार शेणखत विकत नाही.

२०१७ नंतर सुरक्षा संच वाटले गेले. गॉगल, मास्क, हातमोजे, प्लास्टिकचा अंगरखा. सप्टेंबरच्या दुपारी ते घालून पाठीवर वीस लिटर घेऊन चालणाऱ्याला दहा मिनिटांत गॉगलमधून दिसेनासं होतं आणि मास्कमधून श्वास पुरत नाही. मग तो संच धुऱ्यावर काढून ठेवतो, डोक्याचा दुपट्टा सोडतो, नाका-तोंडावरून घट्ट गुंडाळतो आणि पुन्हा तासात उतरतो. दुपट्टा सुती आहे, घामानं ओला आहे, आणि ओलं सुती कापड तुषार चांगले धरून ठेवतं. ते कापड बहुधा याच कापसाचं असतं.